रानाचे साक्षीदार

अहिल्यानगर जिल्हा विस्ताराने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा होय. २०२४ सालापर्यंत तो अहमदनगर या नावाने ओळखला जात असे. या जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या उंच रांगा आहेत. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई हे येथील अकोले तालुक्याच्या सीमेवर उभे असून त्याची उंची १६४६ मीटर आहे. पावसाळ्यात तेथे मेघांची नुसती झुंबड उडते. परंतु डोंगर उतरून पूर्वेकडे जाऊ लागावे, तो पाऊस कमी कमी होत जातो आणि कर्जत, श्रीगोंदे या बाजूस बोरीबाभळींनी भरलेली कोरडी माळराने लागतात. या दोन टोकांच्या मध्ये प्रवरेच्या पाण्यावर पोसलेले उसाचे हिरवे मळे पसरले आहेत. डोंगर, माळ आणि मळा अशी ही निसर्गाची तीन रूपे एकाच जिल्ह्यात पाहावयास मिळतात, आणि प्रत्येक रूपाचे रहिवासीही निराळे असतात.

हे वैभव डोळे भरून पाहावे, त्याची नीट ओळख करून घ्यावी आणि त्याची छायाचित्रे टिपून ती इतरांनाही दाखवावीत, या हेतूने आजकाल गावोगावचे हौशी छायाचित्रकार एकत्र येतात. त्यांची लहानमोठी मंडळे असतात. अशा मंडळात कोणी शिक्षक असतो, कोणी दुकानदार, कोणी शेतकरी, तर कोणी शाळकरी विद्यार्थी. एरवी ज्यांची एकमेकांशी गाठ पडण्याचे काही कारण नाही, अशी ही माणसे सुटीच्या दिवशी पहाटे पाठीवर पिशव्या अडकवून निघतात. कोणते पाखरू कोठे दिसले, कोणत्या महिन्यात दिसले, याची ती वहीत नोंद ठेवतात. परत आल्यावर एकमेकांची चित्रे पाहतात, त्यांतील गुणदोषांची चर्चा करतात आणि वर्षातून एखादे वेळी प्रदर्शनही भरवितात.

हे सर्व वरवर पाहता एक निर्मळ छंद वाटतो. आणि तो आहेही. परंतु जो छायाचित्रकार रानात पाऊल टाकतो, त्याच्यापुढे प्रत्येक वेळी एक प्रश्न उभा असतो. चित्र मोठे की ज्याचे चित्र घ्यावयाचे तो जीव मोठा? या प्रश्नाचे जे उत्तर तो देईल, त्यावरच त्याची खरी पारख होते.

एके काळी रानात जाणारा शहरी मनुष्य बहुधा बंदूक घेऊन जात असे. मारलेल्या वाघाच्या अंगावर पाय ठेवून उभे राहावे आणि तसे छायाचित्र काढून घ्यावे, यात मोठा पुरुषार्थ मानला जाई. त्या काळात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाचे एक इंग्रज वनाधिकारी उत्तर भारतातील अरण्यांत नोकरीस होते. त्यांनी बंदुकीऐवजी कॅमेरा हाती घेतला. वाघाच्या नेहमीच्या वाटेवर ते एक बारीक तार आडवी ताणून ठेवीत. रात्री वाघाचा पाय तारेला लागला की प्रकाशाचा लखलखाट होई आणि वाघ स्वतःचेच चित्र काढून निघून जाई! ही चित्रे त्यांनी १९२७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची ठेवण निराळी असते व त्यावरून एक वाघ दुसऱ्यापासून ओळखता येतो, हेही त्यांच्या ध्यानी आले. वाघ मेल्यावाचूनही मनुष्याच्या हाती काही लागू शकते, ही त्या काळी नवीच गोष्ट होती.

आता आपल्या माळावर येऊ या. कर्जत तालुक्यात रेहेकुरी नावाचे गाव आहे. तेथे काळविटांच्या रक्षणासाठी १९८० साली अभयारण्य स्थापन झाले. त्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर. एखाद्या मोठ्या गावाच्या शिवारातही ते सहज मावेल! परंतु या एवढ्याशा गवताळ तुकड्यावर काळविटांचे कळप स्वच्छंदपणे वावरताना दिसतात. पूर्ण वाढलेल्या नराची पाठ काळसर, पोट पांढरेशुभ्र आणि शिंगे मळसूत्रासारखी पीळ घातलेली असतात. मादी पिवळसर तपकिरी रंगाची असून तिला सहसा शिंगे नसतात. या चपळ प्राण्याच्या शिकारीसाठी पूर्वी कोल्हापूरसारख्या संस्थानांत चित्ते पाळले जात. शिकार करणारा तो भारतीय चित्ता पुढे स्वतःच नाहीसा झाला. १९५२ साली तो देशातून नामशेष झाल्याचे जाहीर करण्यात आले. काळवीट मात्र उरला, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण मिळाले.

अशा ठिकाणी छायाचित्रकारांचे मंडळ जाते, तेव्हा प्रथम वनविभागाची परवानगी घेतली जाते. मग सूर्योदयापूर्वीच सभासद आपापल्या जागा धरतात. कपडे मातकट रंगाचे असावेत, अत्तरे लावू नयेत, मोठ्याने बोलू नये, वारा आपल्याकडून प्राण्याकडे वाहणार नाही अशा बेताने बसावे, हे नियम त्यांना पाठ असतात. नवख्याला वाटते की पुढे धावत गेलो तर चित्र अधिक चांगले येईल. अनुभवी सभासद त्याला हाताने खूण करून खाली बसवितो. कारण कळपाच्या मागे धावणाऱ्याला केवळ पळणाऱ्या पाठी दिसतात. जो स्वस्थ बसतो, त्याच्यापुढे कळप आपण होऊन चरत येतो. संयमाचा असा रोख मोबदला जगात फार थोड्या ठिकाणी मिळतो.

पण संयमाची खरी परीक्षा पुढेच असते. काळविटाची मादी विल्यानंतर पाडसाला पहिले काही दिवस गवतात दडवून ठेवते. ते बिचारे हालचाल न करता निपचित पडून राहते. तेच त्याचे चिलखत. अशा वेळी एखाद्या छायाचित्रकाराला ते अवचित दिसले, तर त्याने काय करावे? पाडस समोर आहे, पळत नाही, कोवळे ऊनही त्याच्या अंगावर पडले आहे. असे चित्र पुन्हा मिळेल की नाही कोणी सांगावे? तथापि माणूस तेथे घोटाळत राहिला, तर पाडसाची आई जवळ येत नाही. आणि माणसाच्या हालचालीवर नजर ठेवून असलेल्या कावळ्याला किंवा भटक्या कुत्र्याला त्या दडणीचा पत्ता लागतो. म्हणून जाणता सभासद कॅमेरा खाली करतो आणि आला त्याच वाटेने हलक्या पावलांनी मागे फिरतो. त्या दिवशीच्या त्याच्या वहीत एक नोंद अधिक होते व चित्र एक कमी. मंडळात त्याची योग्यता त्यामुळे वाढते, घटत नाही.

पाखरांच्या घरट्यांविषयीही असाच दंडक पाळावा लागतो. घरट्यासमोरच्या डहाळ्या नीट चित्र दिसावे म्हणून बाजूला केल्या, की सावली जाते आणि शत्रूला वाट मोकळी होते. मग कोवळी पिले उन्हाने तरी मरतात, नाहीतर कोणाच्या तरी चोचीत जातात. याच माळरानांवर पूर्वी माळढोक हा थोर पक्षी दिसत असे. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूर व अहमदनगर या दोन जिल्ह्यांत मिळून अभयारण्य करण्यात आले. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. एकच अंडे! मनुष्याच्या पावलाने ती एकदा उठली व परतली नाही, तर तिच्या विणीचा तो हंगामच वाया जातो. माळराने नांगराखाली गेली, विजेच्या तारांवर आदळून पक्षी मेले, पूर्वी शिकारही झाली. अशा अनेक कारणांनी हा पक्षी इतका दुर्मीळ झाला आहे की आज संपूर्ण देशात त्याची संख्या दोनशेच्या आत आली आहे. जो जीव असा मोजका उरला आहे, त्याच्या बाबतीत हौशी माणसाचे एक पाऊलही जड असते.

माळ सोडून आता डोंगरात जाऊ या. अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर भंडारदऱ्याचे धरण आहे. १९२६ साली ते पूर्ण झाले. त्याच्या आसपासचा बराचसा डोंगराळ प्रदेश कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. मे महिन्याच्या अखेरीस, पहिल्या पावसाच्या चाहुलीबरोबर, येथील हिरडा, बेहडा, सादडा या वृक्षांवर काजव्यांचे असंख्य दिवे लुकलुकू लागतात. एकेक झाड जणू तारांगण होऊन जाते. हे दृश्य टिपण्यासाठी छायाचित्रकार कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवितो आणि त्याचे भिंग बराच वेळ उघडे ठेवतो. त्या अवधीत जो जो काजवा चमकेल, त्याच्या प्रकाशाचा ठिपका चित्रात उमटतो. डोळ्यांना क्षणाक्षणाने दिसणारी शोभा चित्रात एकवटून येते.

परंतु काजव्याचा हा प्रकाश मनुष्याच्या करमणुकीसाठी नाही. नर आणि मादी यांची ती एकमेकांना घातलेली साद असते. नर उडता उडता चमकतो आणि झाडावर किंवा गवतात बसलेली मादी तशाच चमकेने त्याला उत्तर देते. त्यांचे प्रौढपणीचे आयुष्य थोड्या दिवसांचे. तेवढ्यात ही भेट झाली नाही, तर पुढची पिढी जन्मास येत नाही. अशा वेळी मोटारींचे झगझगीत दिवे, विजेऱ्यांचे झोत आणि कॅमेऱ्याचे फ्लॅश यांनी अंधार फाटला, तर ती साद ऐकू कशी यावी? अलीकडच्या वर्षांत काजवे पाहण्यासाठी भंडारदऱ्याच्या बाजूस गर्दी लोटू लागली, तेव्हा वनविभागाला वाहनांवर व वेळेवर बंधने घालावी लागली. समंजस छायाचित्रकाराला अशा बंधनांचे ओझे वाटत नाही. ज्या अंधारात काजवा जगतो, तो अंधारच आपल्या चित्राचा कागद आहे, हे त्याला ठाऊक असते.

माळ आणि डोंगर पाहून झाले. राहिला तो मळा. उसाच्या मळ्यात पाहण्यासारखे काय असणार, असे कोणासही वाटेल. परंतु या जिल्ह्यातील कॅमेऱ्याने सर्वांत मोठी साक्ष दिली ती या मळ्यांविषयीच.

अकोल्याच्या परिसरात रात्री बिबट्या फिरतो, हे तेथील शेतकऱ्यांना नवीन नव्हते. रानात वाघोबाचे ठाणे असते, त्याला नारळ फोडण्याची रीत सह्याद्रीच्या कुशीतील कित्येक गावांत जुनी आहे. पण शहरातील बहुतेक लोकांची समजूत अशी होती की बिबट्या हा जंगलाचा प्राणी. तो शेतात दिसला म्हणजे वाट चुकून आला. सबब त्याला पकडावे व दूरच्या जंगलात नेऊन सोडावे. शेजारच्या पुणे जिल्ह्यातील जुन्नर भागात २००१ नंतरच्या काळात असे अनेक बिबटे पकडून इतरत्र सोडण्यात आले. त्याने प्रश्न सुटला नाही. ज्या ठिकाणी ते सोडले, त्यांच्या आसपास माणसांवरील हल्ले उलट वाढल्याचे अभ्यासातून दिसून आले.

तेव्हा वन्यजीवशास्त्रज्ञ विद्या अत्रेय यांनी अकोल्याच्या शेतशिवारात राहून बिबट्यांचा अभ्यास करण्याचे ठरविले. चॅम्पियन यांच्या तारेची जागा आता नव्या यंत्राने घेतली होती. प्राण्याच्या अंगची ऊब व हालचाल यांची चाहूल लागताच हे कॅमेरे आपोआप चित्र घेतात. पायवाटांच्या व ओढ्यांच्या कडेला ते समोरासमोर जोडीने बांधतात, कारण बिबट्याच्या डाव्या व उजव्या कुशीवरील ठिपक्यांची रचना सारखी नसते. जसे दोन माणसांच्या अंगठ्यांचे ठसे जुळत नाहीत, तसे दोन बिबट्यांचे ठिपके जुळत नाहीत.

पण सगळेच बिबटे काही कॅमेऱ्यासमोर येत नाहीत. मग त्यांची संख्या कशी काढावी? यामागील युक्ती एका साध्या प्रयोगाने समजते. हरभऱ्याने भरलेल्या डब्यातून वीस दाणे काढावेत, त्यांना लाल रंग द्यावा व ते पुन्हा डब्यात मिसळावेत. मग न पाहता पुन्हा वीस दाणे काढावेत. त्यांत चार लाल निघाले, तर प्रत्येक पाच दाण्यांत एक लाल आहे असे समजावे. लाल दाणे एकंदर वीस. म्हणून डब्यात सुमारे शंभर दाणे असले पाहिजेत. छायाचित्रात एकदा आलेला बिबट्या हा जणू रंगविलेला दाणा होय. तो पुन्हा किती वेळा दिसतो यावरून शास्त्रज्ञ न दिसलेल्यांचाही अंदाज बांधतात. त्यांचे गणित अर्थातच याहून पुष्कळ सूक्ष्म असते.

या अभ्यासाचा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा जाणकारही चकित झाले. जेथे दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात, जेथे जंगल असे उरलेले नाही, त्या शेतीच्या प्रदेशात दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि जवळजवळ तितकीच तरसे नांदत होती! ती वाट चुकून आलेली नव्हती. तेथेच त्यांची वस्ती होती. उंच वाढलेला ऊस हेच त्यांचे रान झाले होते. त्यांच्या भक्ष्याचा शोध घेतला, तेव्हा त्यातील सर्वांत मोठा वाटा गावच्या कुत्र्यांचा असल्याचे आढळले. आणि नवलाची गोष्ट ही की, माणसांच्या इतक्या निकट राहूनही त्या भागात माणसांवरील हल्ले विरळ होते.

यावरून बिबट्या निरुपद्रवी आहे, असा अर्थ कोणी काढू नये. अलीकडच्या वर्षांत याच जिल्ह्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली आहेत. त्यांत लहान मुलेही होती. ज्या घरातील मूल गेले, त्या घरापुढे प्रेमाची प्रवचने कोणी द्यावीत? म्हणूनच केवळ भीतीने किंवा केवळ कौतुकाने हा प्रश्न सुटणारा नाही. बिबट्या कोठे राहतो, काय खातो, कोणत्या वेळी फिरतो, हे खरेपणाने कळले, तरच गोठे बंदिस्त करणे, मुलांना तिन्हीसांजेनंतर एकटे न सोडणे, उघड्यावर घाण न साठू देणे, असे उपाय योग्य ठिकाणी योजता येतात. ते खरे कळण्याच्या कामी छायाचित्राचे साहाय्य होते.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आहे. विहिरीत बिबट्या पडल्याची वार्ता पसरताच शेकडो माणसे मोबाइल उंचावून विहिरीच्या काठाशी दाटी करतात. घाबरलेला प्राणी अधिक घाबरतो, वनकर्मचाऱ्यांना काम करणे अशक्य होते आणि बाहेर पडताच तो समोर येईल त्याच्यावर झेप घेतो. हातात तेच यंत्र असूनही त्या गर्दीला कोणी छायाचित्रकार म्हणणार नाही. अशा प्रसंगी मंडळातील जाणते सभासद कॅमेरे पिशवीत घालतात आणि लोकांना मागे सारण्याच्या कामी वनकर्मचाऱ्यांना हात देतात.

न्यायालयात साक्षीदाराचे कर्तव्य एवढेच असते की त्याने जे पाहिले ते सांगावे, त्यात आपल्या पदरचे घालू नये आणि पाहता पाहता स्वतःच अपराधात सामील होऊ नये. रानातील छायाचित्रकाराचे कर्तव्यही याहून निराळे नाही. काळविटाच्या पाडसाजवळून तो मागे फिरला, काजव्यांसाठी त्याने आपला दिवा मालवला, बिबट्याचे ठिपके त्याने खरेपणाने मोजले. म्हणून त्याची साक्ष ग्राह्य ठरते. सायंकाळी माळावरून परतताना त्याच्या कॅमेऱ्यात कधी दहा चित्रे असतात, कधी एकही नसते. परंतु मागे वळून पाहिल्यावर गवत तसेच डोलत असावे आणि कळप तसाच निर्धास्तपणे चरत असावा, एवढे समाधान त्याला पुरेसे असते.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची प्रत्येकी दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) चॅम्पियन यांनी वाघांची छायाचित्रे कोणत्या युक्तीने घेतली?
(आ) काळविटाचे पाडस दिसताच जाणता छायाचित्रकार मागे का फिरतो?
(इ) बिबट्यासाठी कॅमेरे समोरासमोर जोडीने का बांधतात?

२. कारणे द्या.
(अ) काजव्यांच्या झाडाजवळ फ्लॅश वापरू नये.
(आ) बिबट्या शेतात दिसला म्हणजे तो वाट चुकून आला, असे म्हणता येत नाही.

३. ‘वाघ मेल्यावाचूनही मनुष्याच्या हाती काही लागू शकते’ या वाक्याचा आशय स्पष्ट करा.

४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : निपचित, तिन्हीसांज, दंडक, निर्धास्त.

५. हरभऱ्याचा किंवा चिंचोक्यांचा प्रयोग वर्गात करून पाहा. आलेला अंदाज व प्रत्यक्ष संख्या यांत किती अंतर पडले व का, ते आठ-दहा ओळींत लिहा.